मेंदूतल्या पेशीची जन्मतारीख

आपल्याकडे सत्तरीपुढच्या माणसांना जन्मतारीख विचारून बघा. बरेच जण १ जून सांगतील. एवढी बाळं एकाच दिवशी कशी काय जन्मली? सोपं आहे. शाळेत नाव घालायच्या दिवशी मास्तरांनी पोराला आपादमस्तक न्याहाळलं, ‘सहा वर्षांचा दिसतो’ असं ठरवलं आणि रजिस्टरात १ जून लिहून टाकलं. घरी विचारावं तर आजी म्हणणार, ‘मोठा दुष्काळ पडला, त्याच्या दुसऱ्या साली झाला.’ जन्म झाला हे नक्की. कधी झाला, ते अंदाजाने.

बुलढाणा जिल्ह्यात असाच एक म्हातारा आहे, आणि त्याच्या वयाचा घोळ काही महिन्यांचा नाही. तो दहापटीचा आहे. लोणारचं विवर! सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खळगा आकाशातून आलेल्या पाषाणाने काळ्या बेसॉल्टमध्ये पाडला. बेसॉल्टमधलं इतकं सुस्थितीतलं विवर जगात दुसरं दाखवणं कठीण आहे. पण ही धडक झाली कधी? १९९०च्या दशकात एका पद्धतीने उत्तर आलं, ५२ हजार वर्षांपूर्वी. तोच आकडा पुस्तकांत, फलकांवर आणि गाइडच्या तोंडी बसला. मग २०११ साली दुसऱ्या पद्धतीने उत्तर आलं, ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी, चूकभूल ४७ हजार वर्षं!

दोन्ही ठिकाणी खडक तोच होता. बदललं होतं ते घड्याळ. वय मोजायला असं घड्याळ लागतं जे त्या वस्तूच्या जन्माच्या क्षणी शून्यावर आलेलं असेल. पहिल्या पद्धतीत खनिजांच्या कणांत साठत जाणारी ऊर्जा मोजतात; प्रचंड उष्णता लागली की ती सगळी बाहेर पडते आणि पुन्हा शून्यापासून साठू लागते. दुसऱ्या पद्धतीत आरगॉन वायू मोजतात. खडकातल्या पोटॅशियमचा एक बारीकसा अंश किरणोत्सारी असतो आणि त्याचं अतिशय संथपणे आरगॉनमध्ये रूपांतर होत राहतं. खडक वितळला की वायू निसटतो. थिजला की पुन्हा कोंडला जाऊ लागतो. यात एक खोच आहे. वितळताना सगळाच वायू निसटला नाही, तर उरलेला जुना वायू खडकाचं वय फुगवून सांगतो. ५ लाख ७० हजार हा आकडा काढणाऱ्यांना त्या जुन्या वायूचा हिशोब वेगळा करावा लागला होता.

हे सगळं सांगतोय ते मेंदूसाठी. कारण तुमच्या डोक्यातल्या एखाद्या पेशीचं वय काय, हा प्रश्न लोणारच्या वयाइतकाच अवघड निघाला आणि त्यावरचं भांडणही तितकंच जोरदार झालं.

शरीरातल्या बाकीच्या पेशींचं मोठं गूढ नाही. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं. पण मेंदू? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशी एकेक करून कागदावर उतरवल्या. त्यांना १९०६चं नोबेल मिळालं आणि ती चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. प्रौढ मेंदूत मज्जापेशी मरू शकते, पण नवी जन्मत नाही, असं त्यांचं मत होतं. काहालसारख्या माणसाने सांगितलेलं कोण खोडणार? त्यात तर्कही बिनतोड वाटत होता. स्मृती म्हणजे पेशींमधल्या जोडण्या. त्या जाळ्यात रोज नवे धागे घुसू लागले, तर लहानपणी पाठ केलेले पाढे टिकतील कसे?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जोसेफ आल्टमन यांनी एक युक्ती केली. पेशी दुभंगते तेव्हा तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत बनवावी लागते, आणि त्यासाठी कच्चा माल लागतो. त्या कच्च्या मालातला एक घटक त्यांनी किंचित किरणोत्सारी करून प्रौढ उंदरांना टोचला. त्या दिवसांत जी पेशी जन्मेल, तिच्या डीएनएवर कायमचा शिक्का बसेल. काही काळाने मेंदूचे पातळ काप घेऊन बघितलं, तर शिक्के होते! १९६५ साली आल्टमन आणि गोपाल दास यांनी नेमकी जागाही दाखवून दिली. ती जागा म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानाच्या वरच्या अंगाला, मेंदूच्या आत खोलवर, डाव्या-उजव्या बाजूंना एकेक असा हा वळलेला भाग नव्या आठवणी घडवतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या तरुणाची अपस्मारावर शस्त्रक्रिया झाली. तिच्यात त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याला रोज भेटणारा डॉक्टरही रोज नवाच वाटत होता.

म्हणजे आठवणी जिथे घडतात, नेमक्या तिथेच नव्या पेशी जन्मत होत्या. एवढी मोठी बातमी, आणि जगाने तिच्याकडे जवळपास वीस वर्षं पाठ फिरवली. उंदरात असेल, माणसाचं काय, असं म्हणून विषय संपवला गेला. १९८०च्या दशकात फर्नांदो नोटेबोम यांनी गाणाऱ्या कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या मज्जापेशी दाखवल्या, तेव्हा कुठे लोक पुन्हा वळून बघू लागले. तरीही येल विद्यापीठातून पास्को राकिच यांनी माकडांचे मेंदू तपासून सांगितलं की इथे असलं काही दिसत नाही. माकड आपल्या जवळचं. गाडी पुन्हा अडकली.

आणि माणसाचं तपासायचं कसं? जिवंत माणसाला किरणोत्सारी द्रव्य टोचून नंतर त्याच्या मेंदूचे काप घेता येत नाहीत. इथे एका दुःखद योगायोगाने वाट काढून दिली. काही कर्करोग रुग्णांना डीएनएवर शिक्का मारणारं एक रसायन दिलं जात असे. गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढताहेत, हे डॉक्टरांना त्यावरून कळायचं. स्वीडनच्या पीटर एरिक्सन यांच्या लक्षात आलं की हा शिक्का काही फक्त गाठीवर बसणार नाही. शरीरात त्या दिवशी जन्मलेल्या प्रत्येक पेशीवर तो बसेल. पाच रुग्णांनी मृत्यूनंतर आपला मेंदू तपासायला परवानगी दिली. सगळे ५७ ते ७२ वर्षांचे, मृत्यूच्या दारात असलेले. एरिक्सन आणि अमेरिकेतले फ्रेड गेज यांनी १९९८ साली निष्कर्ष छापला. पाचही जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये शिक्का बसलेल्या मज्जापेशी होत्या. शरीर हार मानत होतं, त्या दिवसांतही त्यांच्या मेंदूत नव्या पेशी जन्म घेत होत्या!

पण किती? रोज दोन की दोन लाख? पाच मेंदूंवरून ते सांगता येत नव्हतं. असा शिक्का हवा होता जो सगळ्या माणसांवर, वर्षानुवर्षं, कुणालाही काही न टोचता बसलेला असेल. असा शिक्का कोण मारणार?

तो अणुबॉम्बने मारला होता.

१९५५ ते १९६३ या काळात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी उघड्या हवेत अणुचाचण्यांचा सपाटा लावला. त्या स्फोटांमुळे हवेतल्या नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार झाला, इतका की वातावरणातलं त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३ साली उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला आणि त्यानंतर हे प्रमाण वर्षागणिक, अगदी नियमितपणे, उतरत गेलं. आता या कार्बनचा प्रवास बघा. स्फोट झाला प्रशांत महासागरात किंवा आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्या बेटावर. कार्बन मिसळला हवेत. वाऱ्यांनी तो सगळ्या गोलार्धात पसरवला. मेहकर-चिखलीकडच्या एखाद्या वावरातल्या ज्वारीने पानांवाटे ती हवा घेतली, त्यातून दाणा भरला. त्या दाण्याची भाकरी झाली. भाकरी ज्याच्या पोटात गेली, त्याच्या शरीरात त्या वर्षी जी पेशी जन्मली, तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षाच्या हवेतला कार्बन जाऊन बसला. एकदा पेशी मज्जापेशी म्हणून स्थिरावली की तिचा डीएनए पुन्हा घडवला जात नाही. म्हणजे १९६३ साली घडलेल्या डीएनएमध्ये १९६३चं कार्बन-१४, १९७८ साली घडलेल्यात १९७८चं. जगातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक पेशीवर जन्मसाल उमटलं होतं, आणि ते उमटवणाऱ्या सेनापतींना त्याचा पत्ताही नव्हता.

फक्त ते वाचायला यायला हवं. कार्बन-१४ इतका विरळ असतो की साधारण दहा-पंधरा पेशींच्या डीएनएमागे त्याचा एखादा अणू मिळतो. त्यामुळे एकट्या पेशीचं वय काढता येत नाही, लाखो पेशी गोळा कराव्या लागतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत किर्स्टी स्पाल्डिंग आणि योनास फ्रिसेन यांनी तेच केलं. विशीपासून नव्वदीपर्यंतच्या मृत व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसमधून मज्जापेशींची केंद्रकं वेगळी काढली आणि कण-त्वरक यंत्रात त्यातले कार्बन-१४चे अणू मोजले. २०१३ साली उत्तर आलं. प्रौढ माणसाच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या मज्जापेशी येतात. वय वाढतं तसा हा वेग घटतो, पण थोडाच.

काहाल यांचं मत मात्र पुरतं खोटं ठरलं नाही. फ्रिसेन यांच्याच गटाने मेंदूच्या बाह्यकातल्या मज्जापेशी तपासल्या होत्या. विचार, भाषा, हालचाल सांभाळणाऱ्या त्या पेशींचं वय माणसाच्या वयाइतकंच निघालं. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या त्या पेशीही ऐंशी वर्षांच्या. सगळ्या मेंदूत मज्जापेशी सुमारे ८,६०० कोटी, आणि त्यात नवजातांची ही एकेका बाजूला रोजची सातशेची भर फक्त हिप्पोकॅम्पसच्या एका चिंचोळ्या पट्टीत. डेंटेट जायरस हे त्या पट्टीचं नाव.

मग एवढ्याशा पेशी करतात तरी काय?

त्यांचं आयुष्य मुख्यतः उंदरांत बारकाईने पाहिलं गेलं आहे. त्या पट्टीच्या तळाशी काही मूळपेशी असतात. त्यातली एक दुभंगते. जन्मलेल्या पेशींपैकी बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. ज्यांना काम मिळतं त्या जगतात. याच दिवसांत प्राण्याला शिकायला काही अवघड मिळालं, तर जगणाऱ्यांची संख्या वाढते. साधारण दोन आठवड्यांत नवी पेशी आपला लांब तंतू पुढच्या थरापर्यंत पोहोचवते. या काळातली एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे गाबा. प्रौढ मेंदूत मज्जापेशींना शांत करण्याचं काम हे रसायन करतं. नवजात पेशीला मात्र तेच रसायन उत्तेजित करतं, कारण तिच्या आतल्या क्षारांचं प्रमाण अजून वेगळं असतं! चार ते सहा आठवड्यांची झाली की ही पेशी कमालीची हळवी असते. शेजारच्या जुन्या पेशींना जागं करायला मोठा धक्का लागतो, तर ही बारीकशा संकेतानेही पेटते आणि पटकन नव्या जोडण्या करते. पुढे तीही इतरांसारखी शांत होत जाते.

हा हळवेपणा कशासाठी? समजा तुम्ही दर महिन्याला शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाता. तीच रांग, तीच गर्दी, तोच चप्पल ठेवायचा कोपरा. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर आजची चप्पल कुठे ठेवली ते आठवायचं असतं. गेल्या महिन्याची नको, दिवाळीतली नको, आजची! दोन अनुभव ऐंशी-नव्वद टक्के सारखे असताना त्यांना एकमेकांत मिसळू न देणं हे डेंटेट जायरसचं खास काम आहे. त्यासाठी ही पट्टी एका वेळी आपल्या फारच थोड्या पेशींना बोलू देते, आणि दोन सारख्या प्रसंगांसाठी वेगवेगळ्या पेशी निवडते.

२००९ साली ब्रिटन-अमेरिकेतल्या संशोधकांनी काही उंदरांच्या मेंदूतला नव्या पेशींचा जन्म क्ष-किरणांनी थांबवला आणि त्यांना जागा ओळखायची परीक्षा दिली. एकमेकांपासून लांबच्या दोन जागा त्यांनी बिनचूक ओळखल्या. जवळजवळच्या दोन जागा आल्या की गोंधळ. न्यूयॉर्कच्या एका गटाने २०११ साली उलट करून बघितलं. नव्या पेशी मरू नयेत अशी जनुकीय व्यवस्था केली, तर उंदरांना दोन सारख्या दिसणाऱ्या पिंजऱ्यांतला फरक जास्त चांगला कळू लागला.

इथपर्यंत कथा सरळ आहे. नवी पेशी आली, स्मृती सुधारली. टॉनिकच्या जाहिरातीला एवढं पुरे. पण आल्टमनच्या आधीच्या लोकांची ती शंका आठवते का, जाळ्यात नवे धागे घुसले तर जुनं टिकेल कसं? ती शंका वेडगळ नव्हती. टोरांटोच्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जॉसलिन यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं की नव्या पेशी जुन्या आठवणी पुसतातही. प्रौढ उंदरांना एक गोष्ट शिकवली आणि मग नव्या पेशींचा जन्म वाढवला, तर ते शिकलेलं जास्त विसरले. पिल्लांच्या मेंदूत या पेशींचा पूर असतो, आणि पिल्लं शिकलेलं झपाट्याने विसरतात. तो पूर थोपवला, तर त्यांना जास्त काळ आठवतं.

आता सांगा, तुम्हाला तुमचं दुसरं वर्ष का आठवत नाही? कुणाच्या कडेवर होतात, पहिल्यांदा कुठे पडलात, एवढे ठसठशीत अनुभव गेले कुठे? या संशोधकांचं उत्तर असं की त्या वयात हिप्पोकॅम्पसमध्ये इतक्या नव्या पेशी घुसत असतात की जुन्या जोडण्या टिकतच नाहीत. त्यांनी पडताळा घेतला तो गिनीपिगवर. गिनीपिगचं पिल्लू बऱ्यापैकी तयार मेंदू घेऊन जन्मतं, त्याच्यात नंतर नव्या पेशी थोड्याच येतात. आणि त्याला लहानपणचं आठवतं! औषध देऊन त्याच्यातल्या नव्या पेशी वाढवल्या, तर तेही विसरू लागलं. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त थक्क करणारा प्रयोग हाच वाटतो. तो उंदरांवरचा आणि गिनीपिगवरचा आहे, आपल्या बालपणाबद्दलचा निष्कर्ष अजून तर्कच आहे, हे मान्य करूनसुद्धा.

यातला एक धागा मुंबईत, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विणला गेला. विदिता वैद्य यांनी येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे पीएच.डी. केली. त्याच प्रयोगशाळेतून २००० साली बातमी आली की नैराश्यावरची औषधं दीर्घकाळ दिली, तर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात. वैद्य त्याच वर्षी टाटा संस्थेत आल्या आणि त्यांनी इथे आपली प्रयोगशाळा उभी केली. नैराश्याच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एक गोष्ट चांगलीच माहीत असते. गोळी सुरू केली तरी फरक पडायला दोन-चार आठवडे जातात. रक्तातलं आणि मेंदूतलं रसायन तर काही तासांत बदलतं, मग एवढा उशीर का? नव्या पेशीला कामाला लागायलाही तितकेच आठवडे लागतात, हा निव्वळ योगायोग असेल का?

वैद्य यांच्या गटाने २००२ साली दाखवलं की मेंदूतलं नॉरअॅड्रेनॅलिन कमी केलं की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचं दुभंगणं मंदावतं. नॉरअॅड्रेनॅलिन म्हणजे आपल्याला सावध, जागं ठेवणारं रसायन. २०१० साली त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. या रसायनाला लगाम घालणारं एक कुलूप मेंदूत असतं. नैराश्याच्या जुन्या औषधासोबत ते कुलूप बंद पाडणारं दुसरं द्रव्य दिलं, तर प्राण्यांमध्ये नव्या पेशींवरचा आणि वागण्यावरचा परिणाम लवकर दिसू लागला. हे घरी करून बघायचं प्रकरण नाही. प्राण्यांवरच्या या प्रयोगापासून दवाखान्यातल्या चिठ्ठीपर्यंतचं अंतर फार मोठं असतं. पण ‘औषधाला उशीर का लागतो’ या प्रश्नाचा एक तुकडा तरी कुलाब्याच्या किनाऱ्यावर सुटला. वैद्य यांना २०१५ साली भटनागर पुरस्कार आणि २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

औषधाविना या पेशी वाढवायचा उपायही उंदरांनीच दाखवला. पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं आणि उंदीर मनसोक्त धावले, तर नव्या पेशी लक्षणीय वाढतात, हे १९९९ साली गेज यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. माणसांत पेशी मोजता येत नाहीत, पण हिप्पोकॅम्पसचा आकार स्कॅनमध्ये मोजता येतो. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर केलेल्या आणि २०११ साली छापलेल्या अभ्यासात, वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तेवढ्याच काळात थोडा आक्रसला. वाढ नव्या पेशींची होती की रक्तवाहिन्यांची, की जुन्याच पेशींच्या फांद्यांची, ते स्कॅन सांगत नाही. शेगावहून पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत महिनाभर चालणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या वारकऱ्यांकडे पाहिलं की वाटतं, यांचा अभ्यास कुणीतरी करायला हवा. अर्थात त्यात चालण्याचा वाटा किती, सोबतीचा किती आणि टाळाच्या तालावर शेकडो अभंग पाठ असण्याचा किती, ते वेगळं काढताना संशोधकाची पुरेवाट होईल.

एवढं सगळं जुळत आलं आणि २०१८च्या मार्च महिन्यात बॉम्ब पडला, या वेळी कागदावरचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्तुरो आल्वारेझ-बुय्या यांच्या गटाने माणसांच्या हिप्पोकॅम्पसचे ५९ नमुने तपासून जाहीर केलं की बालपणी नव्या पेशी दिसतात, तेरा वर्षांच्या पुढे एकही नाही. आल्वारेझ-बुय्या म्हणजे एके काळी नोटेबोम यांच्यासोबत कॅनरींवर काम केलेला माणूस, या विषयाचा शत्रू नव्हे. आणि महिनाभरातच न्यूयॉर्कच्या मौरा बोल्ड्रिनी यांच्या गटाने १४ ते ७९ वर्षांच्या २८ निरोगी व्यक्तींचे मेंदू तपासून उलट सांगितलं. म्हातारपणीही हजारो नव्या पेशी आहेत!

अवयव तोच, प्रश्न तोच. एकजण म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो हजारो. लोणारच्या वयाचं भांडण असंच नव्हतं का? आणि दोष इथेही घड्याळातच निघाला, निदान काही अंशी. दोन्ही गटांनी कार्बन-१४ मोजलं नव्हतं. तरुण पेशीत असणारं एक विशिष्ट प्रथिन रंगवून ते तिला ओळखत होते. माद्रिदच्या मारिया योरेन्स-मार्तीन यांनी एक साधी गोष्ट तपासली. मृत्यूनंतर मेंदूचा तुकडा रसायनात बुडवून टिकवतात, तो किती वेळ बुडवून ठेवायचा? त्यांना दिसलं की बारा तासांपलीकडे ठेवला, तर त्या प्रथिनाची खूण पुसट होत जाते. कित्येक मेंदूपेढ्यांतले नमुने तर महिनोन्‌महिने बुडवलेले असतात. २०१९ साली त्यांनी नेमका वेळ पाळून ४३ ते ८७ वर्षांच्या १३ निरोगी व्यक्तींचे मेंदू पाहिले आणि प्रत्येकात हजारो तरुण पेशी सापडल्या. अल्झायमरच्या रुग्णांत त्या स्पष्टपणे कमी होत्या, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यापासूनच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाला हे पूर्ण पटलं नाही. तरुण पेशीचं ते प्रथिन इतर पेशींतही असू शकतं, आणि दुभंगताना पकडलेली मूळपेशी दाखवा, असं त्यांचं म्हणणं. मागणी रास्त होती.

बॉम्बच्या घड्याळाची मदत आता फार दिवस मिळणारही नाही. समुद्र आणि झाडं ते जादाचं कार्बन-१४ शोषत आली, आणि कोळसा-पेट्रोल जाळून आपण हवेत इतका जुना, कार्बन-१४ नसलेला कार्बन सोडला की गेल्या काही वर्षांत उत्तर गोलार्धातलं त्याचं प्रमाण चाचण्यांपूर्वीच्या पातळीवर येऊन ठेपलं. यंदा जन्मलेल्या बाळाच्या पेशींवर जन्मसालाचा तो शिक्का नसेल.

त्यामुळे जुलै २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटाने नवी वाट धरली. मेंदूतल्या एकेका पेशीच्या केंद्रकात कोणकोणती जनुकं चालू आहेत, ते वाचायचं. अर्भकापासून ७८ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींचे नमुने त्यांनी असे वाचून काढले. आधी बालकांच्या मेंदूत दुभंगणाऱ्या पेशींची ओळख पटवली, मग तीच ओळख घेऊन प्रौढांत शोध घेतला. सापडल्या! नव्या मज्जापेशींना जन्म देणाऱ्या, दुभंगण्याच्या तयारीतल्या पेशी, थेट त्या चिंचोळ्या पट्टीत. पण सगळ्यांत सारख्या नाहीत. काही प्रौढांत त्या भरपूर होत्या, काहींत जवळपास नव्हत्याच. ही तफावत जन्माबरोबर येते, की झोप, चालणं, आजार आणि काळजी यांनी ठरते? ते शोधायचं तर माणूस जिवंत असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या या पेशी मोजता यायला हव्यात, तेही एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. तसं करू शकणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.